गवतवाल्या आबांचं दफ्तर

रोज सकाळी तोंड धुऊन झालं की आबा अंगणात उकिडवे बसायचे आणि गाजर गवत उपटायचे. प्रत्येक रोपाला एक शिवी. ती शिवी गवताला नसायची. अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाला असायची, ज्याला मरून आता कित्येक वर्षं झाली. साठच्या दशकातल्या दुष्काळात त्याने धान्याची जहाजं हातात धरून आपल्या देशाला तिष्ठत ठेवलं आणि पाठवलं तेव्हा गुरांच्या तोंडची लाल ज्वारी पाठवली, वर तिच्यासोबत हे गवत, असा आबांचा आरोप होता. धुळ्याच्या देवपुरातल्या त्या गल्लीत त्यांना 'गवतवाले आबा' म्हणत. समोरच्या किराणा दुकानाचे शेठ दुकान उघडता उघडता रोज ओरडायचे, "आबा, तो मरीसन किती वरीसं झाले! सोडा ना आते."

आबा मान वर न करता म्हणायचे, "तो मरना. गवत मरनं का?"

आबाही आता नाहीत. त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण मला जमेल की नाही कळत नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे असं लिहिलेलं कोणाला दाखवून घ्यायची सोय नाही. एक गोष्ट आधीच लिहून टाकते. मला आबा आवडत नव्हते. त्यांनाही मी आवडत असेन असं वाटत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "इतिहास घेतलाय? शिकतेस, का नुसती जातेस?"

आमच्या सरांनी मला त्यांच्याकडे पाठवलं होतं. आबा एका वाचनालयात शिपाई होते. जन्मभर त्यांनी रद्दीत निघालेल्या वर्तमानपत्रांतून त्या एकाच माणसाची कात्रणं कापली. त्याची पहिली निवडणूक, त्याची भाषणं, त्याने केलेले कायदे, त्याचं युद्ध, त्याचं पद सोडणं, सगळं दोन पत्र्याच्या पेट्यांत लावलेलं होतं. तिसऱ्या पेटीत आठवणी होत्या. ती लाल ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांनी त्या माणसाबद्दल काय म्हटलं, ते गावोगाव सायकलवर फिरून आबांनी फुलस्केपवर उतरवून घेतलं होतं. आता त्यांचा मुलगा त्यांना सुरतेला नेणार होता आणि घर विकायचं होतं. आमच्या कॉलेजचं ग्रंथालय पेट्या ठेवून घ्यायला तयार होतं, पण यादी हवी होती आणि यादीखाली आबांची सही. दोन आठवड्यांत ते झालं नाही, तर पेट्या रद्दीत जाणार हे मुलाने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. यादी मी करायची. तोच माझा प्रकल्प.

"एका परक्या माणसासाठी एवढं कशाला, आबा?" मी एकदा भीत भीत विचारलं.

"त्याच्या देशात त्याच्या नावाचं मोठं ग्रंथालय शे," आबा म्हणाले. रागात असले की त्यांच्या तोंडी घरची बोली यायची. "त्याच्या बाजूचा कागद न् कागद तिथे जपलाय. त्याने कोणाला कसं हसवलं तेही जपलंय. आपल्या बाजूचा कागद कोण जपणार? तुझे सर?"

आबांची कामाची रीत कडक होती. कात्रणाच्या मागे पेन्सिलीने तारीख, बस्स. शाई नाही, अधोरेखा नाही, शेरा नाही. खळ मैद्याची, आणि पेटीत कडुलिंबाचा पाला. दुसऱ्या दिवशी एका भाषणातली एक ओळ मला फार चीड आणणारी वाटली म्हणून मी तिच्याखाली लाल रेघ ओढली. आबांनी माझ्या हातातलं पेन काढून खिडकीतून बाहेर फेकलं. नवंकोरं पेन होतं.

"शिव्या अंगणात द्यायच्या," ते म्हणाले. "कागदावर नाही."

मी हॉस्टेलवर जाऊन रडले. मैत्रिणीला सांगितलं की म्हातारा वेडा आहे, मेलेल्या माणसाशी भांडतो आणि जिवंत माणसाची पेनं फेकतो.

मग मला त्यांच्यावर सूड उगवायची एक संधी मिळाली. दुसऱ्या पेटीत एक कात्रण सापडलं. त्यात लिहिलं होतं की गाजर गवत आपल्याकडे त्या राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या आधीच दिसलं होतं. मी ते घेऊन अंगणात गेले. आबा गवतच उपटत होते.

"आबा, यात तर लिहिलंय की हे गवत त्याने आणलंच नाही."

"माहीत आहे. मीच चिकटवलंय."

"मग रोज सकाळी शिव्या कशाला?"

"शिव्यांना पुरावा लागत नाही," आबा म्हणाले आणि पुढचं रोप उपटलं. "दफ्तराला लागतो."

त्या दिवसापासून माझा राग कमी झाला नाही, पण त्यात थोडी भीती मिसळली. ज्या माणसाचा त्यांनी जन्मभर द्वेष केला, त्याची स्तुती करणारी कात्रणंसुद्धा त्यांनी तितक्याच सरळ कडांनी कापली होती. गरिबांसाठी, काळ्या लोकांसाठी त्याने केलेल्या कायद्यांची एक जाड फाईल होती. तिच्यावर पाल्याची जरा जास्तच पानं होती, असं मला उगाच वाटलं.

आठवणींच्या गठ्ठ्यात पहिलं पान क्रमांक दोन होतं. मी विचारलं, "एक हरवलं का?"

"एक आहे. ठेवलंय," एवढंच ते म्हणाले.

त्यांच्या गुडघ्यांना आता सायकल झेपत नव्हती. भडगावच्या बाजूच्या आठवणी राहिल्या होत्या आणि माझं गाव तिकडचं. त्यांनी मला बारा कोरे कागद मोजून दिले. प्रत्येकावर आधीच क्रमांक घातलेला, एकेचाळीस ते बावन्न. "परीक्षेत पुरवण्या देतात ना? तसं. जेवढे नेशील तेवढे परत आण. बोलतील तसं लिही. त्यांची भाषा सुधारू नको. तू कॉलेजात जातेस हे कागदाला कळता कामा नये."

मी गावी गेले. लोक भरभरून बोलले. ती ज्वारी घशाखाली उतरत नसे, तिचा वास येई, भाकरी थापताना तुटे, जनावरंसुद्धा आधी हुंगून बघत. मी खूश होते. आबांना हवं तेच मिळत होतं. मग आमच्या गल्लीतल्या अक्काकडे गेले. अक्काला ऐकू कमी येतं, आवाज मोठा. ती म्हणाली, "तवय घरमा दाना नव्हता. ती लाल जवारी उनी म्हनीसन मना पोऱ्या वाचना. देव त्याले सुखी ठेवो, जो कोन व्हई तो."

मी ते एकोणपन्नास नंबरच्या कागदावर लिहून घेतलं. मग रात्रभर तो कागद मला टोचत राहिला. इतक्या लोकांच्या रागात हा एकच आशीर्वाद. आबा जन्मभर ज्याच्यावर दात ओठ खात आले, त्याला माझ्याच गल्लीतल्या बाईने 'देव सुखी ठेवो' म्हटलं. आबा मला काय म्हणतील? आणि खरं सांगायचं तर सहीची भीती होती. ते चिडले आणि सही केली नाही तर पेट्या रद्दीत आणि माझा प्रकल्पही. सकाळी मी तो कागद चुलीत घातला.

धुळ्याला आल्यावर आबांनी कागद घेतले. वाचले नाहीत, आधी मोजले. बँकेतल्या माणसासारखे, अंगठा ओला करून.

"एकोणपन्नास कुठे आहे?"

"शाई सांडली. खराब झाला."

"पेन्सिल दिली होती तुला."

शेठ दुकानातून बघत होते. माझे कान तापले. शेवटी मी खरं सांगितलं. मला वाटत होतं की आबा म्हणतील, वेडी पोर, माझ्यासाठीच केलंस ना. मी त्या वाक्याची वाटही बघत होते.

"तोंडात मारायला हातच लागतो असं नाही," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्या बाईचं पोर वाचलं. तिने तसं सांगितलं. आणि तू, दोन बुकं शिकलेली, तिला गप्प केलंस. का? तर मला राग येईल म्हणून? माझा राग माझा शे. कागद माझे नाहीत."

"आबा, मी पुन्हा—"

"सही नाही."

मग ते आत गेले आणि एक कोरा कागद घेऊन आले. त्यावर माझ्यासमोर पेन्सिलीने एकोणपन्नास लिहिलं. "हा घे. आणि जाय आते."

मी दुसऱ्या दिवशी एसटीने परत गावी गेले. अक्का ओट्यावर शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं, कागद जाळल्याचंही. ते सांगायला नको होतं बहुतेक. अक्काने शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"एक डाव सांगं ना तुले? आते परत कसाले? पटनं नही का तुना धुळाना साहेबले?"

"तसं नाही अक्का, त्यांनीच पाठवलंय."

"मंग काय पाहिजे? चांगलं सांगू का वाईट सांगू? तू सांग, तसं सांगस." आणि मग, "मनं बोलनं चुलीमा घालस, आनि परत मांगाले येस? नही सांगत मी. जाय."

मी दोन दिवस तिच्या ओट्यावर जाऊन बसले. ती माझ्याशी बोलली नाही. आठवणीतून मी तिचं वाक्य लिहू शकले असते, ते मला पाठ होतं. पण आता ते तिचं राहिलं नव्हतं, माझं झालं असतं. म्हणून धुळ्याला परतताना एसटीत, मांडीवर कागद ठेवून, मी लिहिलं : 'या क्रमांकावर एका बाईची आठवण होती. ती धान्य पाठवणाऱ्याबद्दल चांगलं बोलली होती. यादी करणाऱ्या मुलीने ती जाळली. आता ती बाई सांगायला तयार नाही.' खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर बसच्या धक्क्यांनी वाकडं आलं, तसंच राहू दिलं.

आबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं की कागद माझ्या अंगावर येईल. त्यांनी तो अठ्ठेचाळीस आणि पन्नासच्या मध्ये लावला, यादी पुढे ओढली आणि सही केली. सही करताना त्यांची जीभ शाळेतल्या मुलासारखी ओठांबाहेर आली होती. चहा विचारला नाही. शाबास तर नाहीच.

पेट्या कॉलेजात गेल्या त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा सुरतेहून गाडी घेऊन आला. मी भेटायला गेले तर आबा निघायच्या वेळी अंगणात बसून गवत उपटत होते. मुलगा गाडीचा हॉर्न वाजवत होता. शेठ म्हणाले, "आबा, घर इकी टाकं, आते कोनासाठी उपटस?"

"जो येईल त्याच्यासाठी," आबा म्हणाले. आज शिव्या नव्हत्या. ते उठले, हात धोतराला पुसले आणि खिशातून घडी केलेला फुलस्केप माझ्या हातात ठेवला. वर पेन्सिलीने 'एक' लिहिलं होतं.

"गठ्ठ्याच्या वर लाव," ते म्हणाले. "चुलीत घालू नको."

आमच्यातला हा एकच विनोद. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. काही महिन्यांनी सुरतेत ते गेले.

गाडी वळल्यावर मी तो कागद शेठच्या दुकानाच्या पायरीवर बसून वाचला. आबांनी स्वतःची आठवण इतरांसारखीच लिहिली होती, बोलल्यासारखी आणि कोरडी. त्यांचे वडील स्वतः ज्वारी पिकवणारा माणूस. त्या दुष्काळात ते पहिल्यांदा रेशनच्या रांगेत उभे राहिले. पिशवी घेऊन घरी आले. आईने लाल भाकरी केल्या. सगळे खाली बघून जेवत होते. धाकटी बहीण सुशी, पाच वर्षांची, म्हणाली की ही भाकर आपल्या भाकरीपेक्षा गोड आहे, अजून दे. वडिलांनी तिच्या तोंडात मारली. त्याआधी त्यांनी कधीच मुलांवर हात उचलला नव्हता. पुढे सुशी मोठी झाली, सासरी गेली, पण कोणत्याही ताटावर बसून ती कधी पदार्थाची चव सांगायची नाही. विचारलं तर म्हणायची, चांगलं आहे.

शेवटच्या दोन ओळी अशा होत्या : 'सुशी खोटं बोलली नव्हती. मलाही ती भाकर गोड लागली होती, मी बोललो नाही.'

मी तो कागद कॉलेजात लगेच दिला नाही. आधी गावी नेला. अक्का माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी तिच्या कानाशी बसून मोठ्याने सगळं वाचलं.

"त्या पोरले मारं?" तिने विचारलं. "गोड म्हनी म्हनीसन?"

"हो, अक्का."

अक्का वळली. माझ्या हातातल्या दुसऱ्या कागदाकडे, वाकड्या अक्षराच्या एकोणपन्नासकडे तिने बोट केलं. तो मी ग्रंथालयातून विचारून आणला होता, मागची बाजू कोरी होती.

"लिख," ती म्हणाली. "आनि आते जाळू नको."