आंघोळीपर्यंत फक्त इंग्रजी

चटका बसल्यावर माणसाच्या तोंडून कोणता शब्द निघावा, हे गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात माझ्या आदेशाने ठरलं.

कारण सई, वय वर्षे चार. कॉलेज रोडवरच्या एका इंग्रजी शाळेत तिच्या प्रवेशासाठी आधी आम्हा आईबापांची मुलाखत होती. (मुलीला काय येतं, हे शाळा नंतर बघणार होती.)

"प्रश्नोत्तरं सगळेच पाठ करून येतात," एका अनुभवी पालकाने मला बाजूला घेऊन सांगितलं. "मॅडम मुद्दाम काहीतरी सांडतात. तेव्हा तुमच्या तोंडून 'ऊप्स' निघतं की 'अरे देवा', त्यावर सगळं!"

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. बातम्यांतली उद्गारचिन्हं खोडणं हे माझं रोजचं काम. ऐकीव माहितीची खातरजमा करणं हेही. ते त्या दिवशी राहून गेलं.

संध्याकाळी फर्मान निघालं. सकाळच्या चहापासून सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत घरात फक्त इंग्रजी. मराठीत कोणी काही बोललं, तर ओ द्यायची नाही. शिवाय मी अधूनमधून खोटे प्रसंग घडवणार. त्यावर प्रत्येकाने जागच्या जागी योग्य तो उद्गार काढायचा.

मी ताटं पाडली. पाल दिसल्याचं नाटक केलं. जिन्यात दोनदा पडलो (दुसऱ्यांदा खरोखरच). माझी बायको माधवी लगेच तयार झाली. सई तर 'याय' म्हटल्याशिवाय दूध पिईना. अडलं ते आईपाशी. 'ओ माय गॉड' म्हणताना ती देवघराकडे वळून हात जोडायची! आणि तव्याचा चटका बसला तेव्हा बोटावर फुंकर घालत म्हणाली, "आउच म्हणून भाजल्याचं समाधानच होत नाही रे."

"आई, इंग्लिश!"

"आउच," ती म्हणाली. पण असं, की चटका मलाच बसला.

मुलाखतीच्या सकाळी मी आंघोळ उरकली, टॉवेल गुंडाळला आणि बाथरूमची खिट्टी ओढली. तिची मूठ तुटून हातात आली. खिट्टी मात्र जागच्या जागी!

"अगं माधवी! खिट्टी तुटली!"

शांतता. फर्मान चोख पाळलं जात होतं.

"दार उघडत नाहीये! कोणीतरी या!"

"नो मराठी!" आईचा आवाज आला.

"ओ माय गॉड!" मी ओरडलो. "आय ॲम स्टक! हेल्प!"

"वॉव!" स्वयंपाकघरातून माधवी म्हणाली. "सो नॅचरल!"

"धिस इज रिअल!"

"ओ नो!" माधवी.

"ओ डिअर!" आई.

"याय!" सई.

आणि टाळ्या.

मी दारावर बादली आपटली. टाळ्या वाढल्या. मग मी मराठीत असं काही बोललो, जे आमच्या वर्तमानपत्रात छापत नाहीत. त्याला अर्थातच कोणी ओ दिली नाही. मुलाखतीची वेळ जवळ येत होती आणि घसा बसत चालला होता.

वरच्या मजल्यावर पगारे काका राहतात. मनमाडला रेल्वेत जन्म गेला, त्यामुळे आवाज अजून फलाटावरचा. बाथरूमच्या खिडकीतून तो आवाज खाली आला, "ओ साहेब! सकाळी सकाळी काय लावलंय? ओ माय गॉड, ओ माय गॉड!"

"काका, अडकलोय! खिट्टी तुटली!"

"मग असं मराठीत सांगा की!"

काका खाली आले. बाहेरचं संभाषण मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"वहिनी, साहेब आत अडकलेत."

"नो नो काका, ही इज प्रॅक्टिसिंग!"

"कसली प्रॅक्टिस? माणूस रडकुंडीला आलाय!"

काकांनी दोन लाथांत दार उघडलं. आत मी, टॉवेलमध्ये, हातात खिट्टीची मूठ.

"अय्या!" माधवी म्हणाली. "खरंच अडकला होतास?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. आठवडाभर कमावलेला आवाज संपला होता!

शाळेत पोचलो तेव्हा आमचं नाव दोनदा पुकारून झालं होतं. माधवीने "ट्रॅफिक" असं सांगून वेळ मारून नेली. मॅडमनी काहीही सांडलं नाही. प्रश्न बरेच विचारले, तेही निम्मे मराठीत. माधवी उत्तरं देत राहिली आणि मी प्रत्येक उत्तराला मान डोलावत राहिलो. सईची शाळा माझ्यामुळे जाते आहे, हे दिसत असून 'ऊप्स' म्हणायचीही सोय नव्हती.

शेवटी मॅडमनी चष्मा काढला.

"ॲडमिशन झाली समजा. खरं सांगू? हल्लीचे पालक वाक्यावाक्याला 'वॉव', 'ओ माय गॉड' करतात, डोकं उठतं. तुमचे मिस्टर मात्र किती शांत! घरीही असेच असतात का हो?"

माधवीने माझ्याकडे अभिमानाने बघितलं.

"ते जीव तोडून ओरडले तरी आम्हाला पत्ता लागत नाही, मॅडम!"

मी मान डोलावली.