येर म्हणजे पाणी

मी सिंदीला तिसरीत होते तेव्हाची गोष्ट. कापसाचा हंगाम सुरू झाला की सातपुड्याकडची गोंड कुटुंबं सरकी काढायच्या जिनात कामाला यायची आणि रेल्वेच्या रुळांपलीकडे झोपड्या घालून राहायची. त्यांची मुलं शाळेत कधी दिसत नसत. त्या वर्षी आमचे गुरुजी स्वतः तिकडे गेले आणि एका मुलीला घेऊन आले. वयाने माझ्याएवढीच. तिला गोंडीच तेवढी यायची. गुरुजींनी तिला माझ्याजवळ तरटावर बसवलं.

"हिले आपली बोली समजत नाई. तू सांगजो तिले सारं," ते म्हणाले.

मला भारी अभिमान वाटला. मी तिचा हात धरून अक्षरं गिरवून घेत असे. मधल्या सुट्टीत माझी अर्धी भाकर तिला देत असे. दुपारी माठापाशी गेलो की मी म्हणायची, "पाणी." ती म्हणायची, "येर." मग मी "येर" म्हटलं की तोंडावर हात ठेवून हसायची. दीड महिन्यात ती पहिलीचं पुस्तक बोट ठेवून वाचू लागली. बोलायची मात्र फक्त माझ्याशी, तेही एखाद-दुसरा शब्द.

मग तपासणीला साहेब आले. सगळा वर्ग धुतलेले कपडे घालून बसला होता. नवीन मुलगी म्हणून साहेबांनी तिलाच उभं केलं आणि पुस्तकातल्या घागरीवर बोट ठेवून विचारलं, "यात काय असतं?"

ती घाबरली. ओठ हलले आणि ती म्हणाली, "येर."

वर्ग खो-खो हसला. "काय म्हणते ही?" साहेबांनी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या वर्गात त्या शब्दाचा अर्थ एकट्या मला ठाऊक होता. नुसतं उठून सांगायचं होतं. पण मागच्या मुली हसत होत्या, मलाही त्यांच्यातलीच एक व्हायचं होतं. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिची पाटी माझ्याशेजारी तरटावर तशीच पडून होती.

रविवारी मी रूळ ओलांडून गेले. ती झोपडीपुढे धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. मी तिची पाटी पुढे केली. तिने घेतली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "तू काऊन हासली?"

तिच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. एकही शब्द चुकला नव्हता. माझ्याकडूनच शिकली होती ती.

पाटी उंबऱ्याशी ठेवून मी पळत सुटले. घरी आईने विचारलं, "काऊन रडून राह्यली वं?"

रोज ठरवायची, उद्या जाईन, का हसले ते तिला सांगेन. जायला पंधरा-वीस दिवस लागले. तोवर हंगाम संपून जिन बंद झालं होतं. रुळांपलीकडे चुलींचे तीन-तीन दगड आणि फाटक्या चटया तेवढ्या उरल्या होत्या. रेल्वेच्या पॉइंट्समनला विचारलं तर तो म्हणाला, "गेले ना बाई ते. परवाच गेले."