सार्जंटच्या भिंतीमागे

इंग्रज माणूस लढाईतसुद्धा आधी चहा करतो, हे मला त्या नाटकामुळे कळलं. ऐन महायुद्धाच्या धामधुमीत इंग्लंडमध्ये लिहिलेलं तीन अंकी नाटक. पाच सैनिक एका पडक्या गोठ्यात वरून हुकूम यायची वाट बघत बसलेत. पहिल्या अंकात ते चहा करतात. दुसऱ्या अंकात चहा संपतो, त्यावरून भांडतात. तिसऱ्या अंकात एकदाचा हुकूम येतो आणि सगळे बाहेर जाऊन मरतात. मध्ये गावातली एक पोरगी अंडी घेऊन येते आणि जाते. बस्स. एवढ्यासाठी हेगमधल्या एका इंग्रजी हौशी मंडळाने आख्खा हिवाळा खर्ची घातला, आणि त्यांच्यासोबत मीही.

मी मूळची पुण्याच्या एका बँकेतली. बँकेत काम काय केलं ते विचारू नका, आंतरशाखीय एकांकिका स्पर्धा मात्र एकही सोडली नाही. मग नवऱ्याला इकडे नोकरी लागली आणि मी ‘डिपेंडंट’ या भारदस्त पदावर रुजू होऊन हेगला लागून असलेल्या रायस्वाइकला आले. आता एका छोट्या कंपनीत लोकांचे पगार काढते, त्यामुळे ते पद गेलं, पण नाटकाची खाज काही गेली नाही. मंडळाला नट हवेत असं कळल्यावर मी दोन आठवडे आरशासमोर अंडी विकली आणि ऑडिशनला जाऊन थडकले.

गावातल्या पोरीचं काम दिग्दर्शकाच्या बायकोला मिळालं. नाटकात पोरगी विशीतली आहे. बाई नातवंडांना शाळेतून घरी सोडून मग तालमीला यायच्या. दिग्दर्शक मला म्हणाले, “तुमचा आवाज फारच सुरेख आहे. तुम्ही प्रॉम्प्टिंग कराल का?” म्हणजे आवाज इतका सुरेख की तो कोणाच्या कानावर पडता कामा नये! घरी येऊन मी भांडी आपटली. नवरा म्हणाला, “अगं, बरंच झालं की, पाठांतराची कटकट नाही.” लेक फोनमधून मान वर न करता म्हणाली, “मम, डू नॉर्माल.” आईने जरा माणसात यावं, हे सांगायला इथल्या पोरांना एवढे दोन शब्द पुरतात.

गेले तर खरं. आणि पलटण बघून वाटलं, या बहाद्दरांनी खरं युद्ध लढलं असतं तर ते पहिल्या पायरीवरच संपलं असतं. एकोणीस वर्षांचा कोवळा शिपाई म्हणजे झूटरमेरचे एक निवृत्त दंतवैद्य, दोन्ही गुडघे बदललेले. संहितेत लिहिलंय, ‘ताडकन उठतो’. डॉक्टर आधीच्या पानापासून उठायला सुरुवात करायचे. उरलेल्या तिघांचे कान मशीनवर चालत, आणि त्या मशीनच्या बॅटऱ्या नेमक्या तालमीच्या दिवशी संपत. दिग्दर्शकांना याचं काही नाही. त्यांची झोप उडाली होती ती गणवेशावरच्या बटणांनी. त्या काळी बटणं इतकी चकचकीत नव्हती म्हणे. ज्या शहरात खरे बाँब पडले, माणसं उपाशी मेली, तिथे आम्ही तासतासभर बटणांना काळं फासत बसायचो.

या सगळ्यात एकच माणूस नट होता. सार्जंटचं काम करणारे गृहस्थ. ऐंशीच्या पुढचे, ताठ, उंच. तरुणपणी इंग्लंडहून कामासाठी आले, डच बाईशी लग्न केलं आणि इथलेच झाले. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. समुद्राजवळच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे, तालमीला ट्रामने यायचे. पहिल्या वाचनाला त्यांनी तोंड उघडलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. नुसतं ‘चहा ठेव रे’ म्हणाले होते, पण त्या चहात सगळी लढाई होती.

दोन आठवड्यांनी पुस्तकं हातातून गेली आणि सार्जंट अडखळायला लागले. एक वाक्य उत्तम, पुढचं गायब. दिग्दर्शक घड्याळ बघायचे, त्यांची बायको अंड्यांची टोपली घेऊन सुस्कारे सोडायची. कोणीतरी हळूच सुचवलं, हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावं. चहाच्या सुट्टीत सार्जंट कप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले.

“माझी मुलगी पहिल्या प्रयोगाला येणार आहे, इंग्लंडहून,” ते म्हणाले. “तिने माझ्यासाठी एक जागा बघून ठेवलीय. मागे बाग आहे, जेवायची घंटा वाजते. मी तिला म्हटलं, मला अजून आख्खं नाटक पाठ होतं. ती म्हणाली, ठीक आहे बाबा, दाखवा. जमलं तर राहा तुमच्या घरी. नाही जमलं, तर बरोबर चला.”

“आणि तुम्हाला जायचं नाही.”

“माय डिअर, माझी बायको त्या घरात गेली. मी दुसरीकडे कुठे जाऊन काय करू?”

मला एकदम राग आला. त्या न पाहिलेल्या मुलीचा, तिच्या बागेचा, जेवणाच्या घंटेचा. बापाची परीक्षा घेतेय, मोठी आली परीक्षक! मी मनात म्हटलं, थांब, तुला दाखवतेच.

आता इथे प्रॉम्प्टिंगबद्दल सांगायला हवं. इंग्रजांकडे प्रॉम्प्टर म्हणजे देवळाबाहेरचा चपलांवाला. नट अडला, त्याने मोठ्याने “लाइन!” अशी हाक मारली, की मगच तोंड उघडायचं. मधल्या विरामात ब्र काढलात तर पाप. आमच्या बँकेच्या मुख्य रोखपालांनी मला शिकवलेली पद्धत अगदी उलटी. ते म्हणायचे, “नट अडल्यावर जो प्रॉम्प्ट देतो, तो उशिरा आलेला पोस्टमन. तू नटाबरोबर श्वास घे. त्याचं वाक्य संपता संपता पुढच्याचा पहिला शब्द त्याच्या कानात पडलेला असला पाहिजे. नटाला वाटावं आपल्यालाच आठवलं.” आमच्याकडे शाखाधिकाऱ्यांना पाठांतराला वेळ नसायचा आणि नायकाचं काम मात्र त्यांनाच हवं असायचं. त्यामुळे मी आख्खे अंकच्या अंक असे पोचवले होते.

गोठ्याची एक पडकी भिंत प्लायवूडची केली होती, तिला बाँबने पाडलेलं भोक होतं. मी दिग्दर्शकांना म्हटलं, विंगेत वारा फार येतो, मी या भिंतीमागे बसते. सार्जंटची चहाची शेगडी मी तिथेच सरकवायला लावली. “म्हणजे ते सगळ्या पलटणीवर नजर ठेवू शकतील,” असं कारण दिलं. दिग्दर्शक खूश. पुढच्याच तालमीला त्यांनी ही कल्पना आपली म्हणून सगळ्यांना समजावून सांगितली.

आणि सार्जंट धावायला लागले. मी भोकातून पहिला शब्द सोडायचे, ते तो अलगद उचलायचे आणि पुढचं वाक्य सोन्यासारखं यायचं. शेजारी बसलेल्यांना काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांच्या बॅटऱ्यांचा तो फायदा. पंधरवड्यात मंडळभर झालं, बघा, म्हाताऱ्याला सूर सापडला! हळूहळू एक शब्द पुरेना. दोन द्यावे लागले, मग अर्धं वाक्य. फेब्रुवारीच्या शेवटी मी सगळंच बोलत होते आणि ते माझ्यामागून बोलत होते. एकदा मधल्या सुट्टीत ते कोट-टोपी घालून निघाले आणि दारात थबकून मला म्हणाले, “आज तालीम आहे का?” मी हसले. म्हातारपण म्हटलं, चालायचंच.

खरं सांगू? मला मजा येत होती. अंडीवाली करायला गेले होते, आता आख्खा सार्जंट माझ्या तोंडचा होता.

प्रयोगाच्या दिवशी मुलगी पहिल्या रांगेत. पन्नाशीची, दमलेली बाई, मांडीवर ओली छत्री. मी पडद्याच्या फटीतून तिला चांगली निरखून घेतली. दुष्ट दिसेल असं वाटलं होतं. पण ती पडदा उघडायच्या आधीपासून दोन्ही हात घट्ट धरून बसली होती.

पहिला अंक सुरळीत. दुसऱ्यात अंडीवाल्या बाई टोपली विसरून आल्या आणि मोकळ्या हातांनी अंडी देऊन गेल्या. पलटणीने ती घेतलीसुद्धा. धन्य ते सैन्य. तिसऱ्या अंकात सार्जंटचं मोठं भाषण. हुकूम आलाय, आता बाहेर पडायचं, आणि कोवळा शिपाई थरथरतोय. सार्जंट त्याच्यापुढे गुडघे टेकतो आणि त्याच्या बुटांची नाडी बांधता बांधता त्याला बूट कसा घालायचा ते सांगतो. मोजा वर ओढ, सुरकुती राहू देऊ नकोस, सुरकुतीने फोड येतो, फोडाने माणूस मागे पडतो. मरणाबद्दल अवाक्षर नाही. मी एकेक तुकडा देत होते, ते एकेक घेत होते. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही.

आणि नेमका तेव्हाच लॅपटॉपवरचा बाँब वेळेआधी फुटला. माझा शब्द त्यात बुडाला. सार्जंट गप्प. नाडी हातात, नजर भिंतीच्या भोकाकडे. त्या नजरेत नाटक नव्हतं, बूट नव्हता, काहीच नव्हतं. मी जवळजवळ ओरडलेच, “सुरकुती!” त्यांचा चेहरा उजळला. “सुरकुती,” ते म्हणाले, “सुरकुती राहू देऊ नकोस, बाळा.” प्रेक्षकांत कोणीतरी हुंदका दिला. मागाहून एकीने मला सांगितलं, ते बाहेरून आलेल्या हाकेचं प्रतीक फार अंगावर आलं. असो. प्रतीक माझ्या घशातून आलं होतं.

टाळ्या थांबेनात. नंतर बाहेरच्या दालनात वाइन आणि चीजचे तुकडे, प्रत्येकावर कागदी झेंडा. दिग्दर्शकांनी सगळ्यांचे आभार मानले. बटणांचे मानले, डॉक्टरांच्या गुडघ्यांचे मानले, आणि शेवटी म्हणाले, “आणि आपली प्रॉम्प्टर, जिला आज काहीच काम पडलं नाही!” मोठा हशा. मीही हसले. मनात म्हटलं, नाव तुमचं आणि काम माझं, चालू दे.

मुलगी गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आली. डोळे लाल. सार्जंट माझ्याजवळ उभे होते, हातात ग्लास, चेहऱ्यावर सगळ्या जगासाठी एक छानसं हसू. ती त्यांच्याशी बोलण्याआधी मलाच म्हणाली, “तुम्ही रोज बघत होतात ना त्यांना? मी उगाच घाबरले होते हो. फोनवर कधीकधी इतकं विचित्र बोलायचे. पण एवढं मोठं भाषण, एक शब्द इकडचा तिकडे नाही! मी उद्याच त्या लोकांना कळवते, जागा नको म्हणून. बाबांनी त्यांच्या घरीच राहावं.”

जिंकलो होतो. मी मानेनेच हो म्हणत होते, तेवढ्यात सार्जंट माझ्या कानाशी वाकले. रंगमंचावर कुजबुजतात तसं नाही, खरंच हळू.

“माय डिअर,” ते म्हणाले, “ही बाई कोण?”

मला वाटलं चेष्टा करतायत. मी वर बघितलं. तीच नजर होती, भोकाकडे लागलेली. समुद्राजवळचा तो फ्लॅट माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि त्यातला गॅस, आणि जिना, आणि रस्त्यापलीकडचं ते पाणी. आणि सवय किती वाईट असते बघा. विचार करायच्या आत माझ्या तोंडून पुढचा शब्द गेलासुद्धा.

“मुलगी. तुमची मुलगी.”

त्यांनी तो अलगद उचलला. ग्लास माझ्या हातात दिला, दोन्ही हात पसरले आणि भरलेल्या आवाजात म्हणाले, “माझी मुलगी!” असं म्हणाले की बाजूच्या माणसांनी वळून बघितलं. ती त्यांच्या छातीवर डोकं टेकवून रडायला लागली. ते तिच्या पाठीवर थोपटत होते आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होते, आता पुढे काय म्हणायचं म्हणून.

मी काही दिलं नाही. दोन्ही ग्लास खिडकीत ठेवले, तिच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाले, “जरा माझ्याबरोबर बाहेर येता का? आज ते जे जे बोलले, ते मी सांगितलेलं होतं. आत्ता तुम्हाला मुलगी म्हणाले, तेसुद्धा.”