भेगेवरची काच

जिन्याच्या वळणावर, भिंतीतल्या एका भेगेवर काचेची अरुंद पट्टी आडवी बसवलेली आहे. भेग रुंदावली तर काच तडकते. ही इमारत विकत घेतली, त्याच आठवड्यात मी ती काच भेगेच्या दोन्ही कडांना सिमेंटने पक्की केली.

आज मुलगा तिथे थांबला. "अप्पा, बिल्डर चांगला भाव देतोय. पाडून टाकू. भेगा पडल्यात."

"काच बघ."

"काचेचं काय घेऊन बसलात?"

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मालतीबाई कठड्यावरून वाकल्या. "इतके पावसाळे गेले, ती आहे तिथंच आहे. आणि आम्हीही."

जुन्या इमारती दुरुस्त करताना मी एवढेच शिकलो की भेग वाढते आहे की थांबली आहे, हे आधी पाहावे. थांबलेली भेग बुजवता येते. लोक मात्र भेग दिसताच पहार शोधतात. माझ्या गुडघ्यांकडेही मुलगा हल्ली त्याच नजरेने पाहतो.

मी अंगठ्याने धूळ पुसली. काच अखंड होती.

"उद्या रंगारी बोलाव," मी म्हणालो. "सगळा जिना रंगवायचा. काच तेवढी उघडी ठेवायची. पुढचा बिल्डर आला की त्याला दाखवता येईल."