आईसाठी आवळकाठी : कळंब ते तळेघर

भर वैशाखात डोंगर चढायला निघणारा माणूस एकतर भाविक असतो, नाहीतर माझ्यासारखा नाइलाजाने निघालेला. आम्ही जैन; आईचं वर्षीतप नुकतंच पुरं झालं होतं. वर्षभर एक दिवस उपास, एक दिवस जेवण. तप पार पडलं, पण हिरड्या सुजल्या. भाकरीचा तुकडा चावला की रक्त यायचं. पारणं होऊनही ती पेजेवरच होती आणि वाळत चालली होती. मी धास्तावलो होतो. वैद्यबुवा म्हणाले, आवळा द्या. या दिवसांत ओला आवळा कुठला? बाजारातल्या वाळवलेल्या आवळकाठीला बुरशी. शेवटी दुकान धाकट्या भावावर टाकलं आणि डोंगरातली आवळकाठी आणायला तळेघरला निघालो.

कळंबहून मंचर, मग घोडेगाव, आणि तिथून डिंभ्यापर्यंत बैलगाडी मिळते. कोणाला जायचं असेल तर भाडं सकाळीच ठरवून टाका. ऊन चढलं की गाडीवानाचा सूरही चढतो. रस्ता कसला, नुसता फुफाटा. कंबरेचा काटा ढिला झाला.

गाडीवान म्हणाला, “शेट, आवळ्यापायी यवढा खटाटोप?”

“आईसाठी.”

“मंग बसा दमानं. बैलास्नी बी दम खाऊ द्या.”

पुढचा घाट पायी. आम्हाला उकळलेलंच पाणी चालतं, तेव्हा भरलेली चरवी खांद्यावर. अर्ध्या घाटात मी आवळ्याला, वैद्यबुवांना आणि स्वतःच्या सुटलेल्या पोटाला मनसोक्त शिव्या घातल्या.

तळेघरला ठकूबाईंच्या घरी उतरलो. त्या दरवर्षी आमच्या दुकानात हिरडा घालतात आणि मीठ-तेल नेतात. हिवाळ्यात त्या आवळे फोडून, मीठ चोळून, कडक उन्हात वाळवतात. खडखडीत झाले की गाडग्यात भरून वर फडकं बांधतात. खोकला, तोंड येणं, अपचन, सगळ्याला तेच. दिवस मावळायच्या आत त्यांनी नाचणीची भाकरी वाढली, मी त्यांना आईचं दुखणं सांगितलं आणि ओसरीवर आडवा झालो तो मेल्यासारखा झोपलो.

सकाळी त्यांनी माझ्यापुढे मडकं ठेवलं. “म्हातारीला कडक चावंल का? म्हनून समदं उकडून मऊ केलं, नि मधात टाकलं. लई गुणाचं.”

मी मडकं हळूच मागे सारलं. “ठकूबाई, आमच्यात मध खात नाहीत.”

“का वं?”

“त्यात मधमाशांचे जीव जातात.”

“घरातलं समदं ह्यातच हाय, शेट. आदी सांगायचं न्हाई व्हय?”

इतकी वर्षं देवघेव, पण एकमेकांच्या ताटात काय असतं हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. रिकाम्या हाताने तो घाट उतरायच्या कल्पनेने मला रडू फुटायचं बाकी होतं.

ठकूबाई बाहेर गेल्या. बऱ्याच वेळाने पदरात आवळकाठी घेऊन आल्या. वाडीतल्या प्रत्येक घरातून मूठ मूठ मागून आणली होती. “कोरडी हाय. मधाचं हात राखेनं धुवून मंगच हात लावलाय.”

पैसे पुढे केले तर रागावल्या. “दुखन्याचं इकत न्हाई आमी.”

परतीच्या वाटेचं सांगण्यासारखं काही नाही. टाचा फुटल्या, गाडीत झोपलो, घरी येऊन पुन्हा झोपलो.

आई आवळकाठी रात्री भिजवत नाही, आमच्यात शिळं चालत नाही. सूर्य उगवला की उकळलेल्या पाण्यात टाकते, दुपारी ते पाणी पिते आणि मऊ गर जिऱ्याबरोबर वाटून घेते. काही दिवसांनी रक्त थांबलं. काल तिने भाकरी मागितली, कुस्करून का होईना. मी समोर बसून ती संपेपर्यंत बघत होतो.

अंग अजून ठणकतंय. पुन्हा जाशील का म्हणाल, तर आत्ता विचारू नका.

ती सगळी हकीकत मी आईला सांगितली होती. जेवणाआधी ती नवकार मंत्र म्हणते, लहानपणापासून ऐकतोय. हल्ली तो संपला तरी तिचे हात जोडलेलेच राहतात आणि ती हळूच म्हणते, “ठकूबाई.”