मी न गेलेल्या बैठका

मंडळी, पांढरकवड्याच्या तहसील कचेरीतून आत्ताच आले.

शेजारच्या विमलचं रेशनकार्ड रद्द झालंय. सकाळी दारात येऊन म्हणाली, "बाई, तुम्हीच सही केली म्हणे. काहून केली?" तिला घेऊन मी तडक कचेरी गाठली.

कार्डं रद्द करायची शिफारस करणाऱ्या रेशनच्या दक्षता समितीवर महिला सदस्य म्हणून माझं नाव होतं. मला विचारण्याची तसदीही कोणी घेतली नव्हती.

"नावं वरूनच येतात, मॅडम," बाबू म्हणाला. "अन् तुम्ही तर दर बैठकीले येता. बिनसाखरेचा चहा घेता."

बैठकीच्या त्या खोलीत मी आज पहिल्यांदा पाय ठेवला होता. चहा मात्र मी बिनसाखरेचाच घेते. बाबूने पुढे केलेल्या बैठकीच्या रजिस्टरातली सहीसुद्धा माझ्याच वळणाची, कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी छडी मारून घोटून घेतलेली.

विमल माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली.

तुम्हीच सांगा, आता तिला काय सांगू?