बाईंची वाडी मी शोधून दिली

खरं सांगते, तो फोटो बघून माझा नुसता जळफळाट झाला.

रियाधच्या एका रुग्णालयात मी जुने केसपेपर कॉम्प्युटरवर चढवायचं काम करते. आमच्या विभागाच्या प्रमुख बाई ऑस्ट्रेलियन. त्यांचे पणजोबा तरुणपणी आयर्लंडहून बोटीनं ऑस्ट्रेलियाला गेले आणि परत कधी गेलेच नाहीत. गेली आठ वर्षं बाई त्यांचं गाव शोधत होत्या. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो आणि बाई सँडविच चावत लॅपटॉपवर तिकडच्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या उघडून बसायच्या.

एकदा वैतागून त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "डॉक्टरांचं अक्षर तुला लागतं, हे लागतंय का बघ." पणजोबांच्या बारशाची नोंद होती. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण मला लागलं. बाई म्हणाल्या, "हे नाव मीही वाचलंय गं. या नावाचं गावच नाही नकाशावर." मी म्हटलं, "अहो, हे गाव नसेलच. वाडी असेल. आमच्याकडे कोकणात पत्ता लिहिताना आधी वाडी लिहितात, मग गाव. गावाची नावं सोडा, चार घरांच्या वस्त्या दाखवणारा नकाशा काढा."

अर्ध्या तासात वाडी सापडली. बाईंनी मला मिठी मारली. माझ्या हाताला भेंडीचं तेल होतं, तरी.

मग बाई रजा टाकून आयर्लंडला गेल्या आणि तिथून तो फोटो आला. एका बुटक्या दगडी भिंतीपुढे पस्तीस-चाळीस माणसं, मधोमध बाई, शेजारच्या म्हातारीनं त्यांचा हात घट्ट धरलेला. सगळे चुलत, आतेमामे. त्या म्हातारीचं नाक आणि बाईंचं नाक, एकच नाक! आमच्या विभागात सगळ्यांनी आहाहा केलं. मीही केलं. पोटात मात्र असं दुखायला लागलं की विचारू नका. शोधलं कोणी? मी. आणि हात कोणाचा धरलाय? वा रे वा!

माझं दुखणं वेगळंच होतं. मी आडनावाच्या शेपटीला गाव घेऊन हिंडते. शाळेत, बँकेत, इथल्या राहण्याच्या परवान्यावर, म्हणजे इकाम्यावर, सगळीकडे ते 'कर' माझ्याबरोबर. आणि ते गाव मी जन्मात पाहिलेलं नाही. आजोबा गेल्यावर आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून बाबांचं आणि मोठ्या काकांचं फाटलं. बाबा पुण्याला निघून आले, त्या गावचं पाणी पिणार नाही म्हणाले, आणि नाहीच प्यायले. मी तेव्हा पोटात होते. माझी लेक तर सरळ इंग्रजीत सांगते, आम्ही पुण्याचे. कधी कधी रियाधचे.

बाई परतल्या त्या नुसत्या फुलून. येता जाता "माझी माणसं", "माझी वाडी". चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "तुमचं गाव कसं आहे गं?" आणि मी सुटलेच. आम्ही दर वर्षी शिमग्याला जातो, देवीची पालखी घरोघर येते, आमच्या अंगणात नाचते, माणूस मावत नाही. हे सगळं ऑफिसातल्या एका गुहागरच्या मुलीकडून ऐकलेलं, एका दमात माझं करून टाकलं. बाईंचे डोळे चमकले. "या मार्चमध्ये मी भारतात येतेच आहे. मला नेशील? तू माझं गाव दिलंस, आता तुझं दाखव."

झाली ना पंचाईत! नाही म्हणावं तर खोटी पडते. हो म्हणावं तर नेऊ कुठे?

आईला फोन केला. काकांचा नंबर मिळेल का विचारलं. आई आवाज बारीक करून म्हणाली, "काका गेले चार वर्षांपूर्वी. काकूंचा आहे माझ्याकडे. बाबांना बोलू नकोस." घ्या! म्हणजे आईकडे नंबर होता. मी इथे कुढत बसले, आणि आईकडे नंबर होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "कोण बोलतंय?" मी माझं नाव सांगितलं. "अगो, पण कोणाची तू?" मी बाबांचं नाव घेतलं.

"धाकट्याची," काकू म्हणाल्या. "तू पोटात होतीस तेव्हा तुझ्या आईला कैऱ्या मी काढून द्यायची. बरा आहे का तो?"

बरे आहेत म्हटलं. मग धीर करून विचारलं, पालखी आमच्या घरीही यायची का हो?

"यायची काय? येते. तुमच्या वाटणीचं नुसतं जोतं राहिलंय, पण मान आहे ना तुमचा. दर वर्षी पालखी तिथे टेकवतात आणि तुझ्या बापाच्या नावानं ओटी मी भरते. तुझे काका ओरडायचे आधी. मी म्हटलं, भांडण तुमचं, देवीचं काय त्यात?"

मी जिन्याच्या पायरीवर बसून हमसून रडले. वरून सफाईवाल्या बांगलादेशी बायका उतरत होत्या, त्यांनी मला पाण्याची बाटली दिली. बाबांच्या नावानं, दर वर्षी. आणि मी परक्या बाईचा फोटो बघून जळत होते.

"येशील ना शिमग्याला?" काकू म्हणाल्या. "कितीजण याल? बिछाने काढून ठेवायला हवेत."

दरवाज्याच्या काचेतून बाई मला दिसत होत्या. माझे डोळे बघून त्या खुर्चीतून उठल्या होत्या, लगबगीनं माझ्याकडेच येत होत्या, काय झालं विचारायला. त्यांना काय सांगायचं ते नंतर बघू, पण हे पहिलं जाणं मला कोणाला दाखवायचं नव्हतं.

"एकटीच," मी म्हटलं. "काकू, मी एकटीच येणार आहे."